विवियनाइट कसं घ्यायचं आणि घेतल्यावर काळं न पडू देता कसं सांभाळायचं

विवियनाइटचा फोटो बघून माणूस वेडा होतो हे साहजिकच आहे. आरपार दिसणारा गडद हिरवा क्रिस्टल, कडेला निळी झाक, टोक असं धारदार की हात लावायला भीती वाटावी. मग लोक घेतात, काचेच्या कपाटात मस्त एलईडीखाली ठेवतात, आणि काही महिन्यांनी विचारायला येतात की हा काळा का पडला, विकणाऱ्याने गंडवलं का. बहुतेक वेळा गंडवलेलं नसतं. हे खनिज उजेडात बदलतं, त्याचा स्वभावच तसा आहे, आणि तो स्वभाव पैसे देण्याआधी माहीत पाहिजे, नंतर नाही. म्हणून घेण्यापासून ते डबीत ठेवण्यापर्यंत सगळं एकाच ठिकाणी लिहितोय. लांबलंय, पण नमुना हातात यायच्या आधी एकदा वाचून काढा.

आधी हे आहे काय ते. विवियनाइट म्हणजे लोखंडाचं फॉस्फेट आणि त्यात भरपूर पाणी. हिशोब असा की लोखंडाच्या तीन अणूंमागे दोन फॉस्फेट आणि पाण्याचे आठ रेणू. हे आठ रेणू लक्षात ठेवा, पुढे साफसफाईत आणि साठवणीत तेच नडतात. नाव १८१७ मध्ये जर्मन खनिजतज्ज्ञ आब्राहाम गोटलोब वेर्नर यांनी ब्रिटिश उद्योजक जॉन हेन्री विवियन यांच्यावरून दिलं, आणि मूळ नमुना इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या सेंट अ‍ॅग्नेस भागातला.

रेअर म्हणायचं का, तर हो आणि नाही. निळी माती, निळे डाग, भुकटी अशा रूपात हे बऱ्याच ठिकाणी सापडतं. जिथे पाणी साचून राहिलंय, खाली ऑक्सिजन पोचत नाही, मातीत लोखंड आहे आणि कुजणारी हाडं किंवा पालापाचोळा फॉस्फेट पुरवतोय, तिथे हे तयार होतं. फक्त गंधकाची संयुगं जास्त नकोत, नाहीतर लोखंड सगळं पायराइटमध्ये (लोखंड आणि गंधकाचं खनिज) जातं आणि विवियनाइटच्या वाट्याला काही उरत नाही. मॅमथच्या जुन्या सुळ्यांवर जे निळे पट्टे दिसतात ते बहुतेक हेच. दलदलीतली चिकणमाती कापली की आत पांढुरके गोळे दिसतात आणि हवा-उजेड लागताच बघता बघता निळे होतात, ते पण हेच. पण हातात धरता येईल असा, पारदर्शक, टोक शाबूत असलेला क्रिस्टल, तो मात्र खरंच कमी मिळतो, आणि मिळाला तरी तसाच टिकवणं हा वेगळा उद्योग आहे.

काळा का पडतो

हे समजलं की बाकीच्या निम्म्या सूचना पाठ करायची गरज नाही, तुमच्या तुम्हालाच सुचतील.

अगदी ताज्या क्रिस्टलमधलं लोखंड सगळं फेरस (म्हणजे प्रत्येक अणूने दोन इलेक्ट्रॉन गमावलेलं) असतं आणि तेव्हा तो जवळपास बिनरंगी किंवा फिकट हिरवा असतो. उजेड पडला की त्यातलं थोडं लोखंड आणखी एक इलेक्ट्रॉन गमावून फेरिक व्हायला लागतं. आता एक फेरस आणि शेजारी एक फेरिक अशी जोडी झाली की इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो, त्यासाठी तो प्रकाशातला लाल-पिवळा भाग खातो, आणि उरलेला निळा आपल्याला दिसतो. म्हणजे ज्या निळ्या-हिरव्या रंगावर आपण भाळतो तोच मुळात बदल सुरू झाल्याची खूण आहे, गंमत बघा. अशा जोड्या वाढत गेल्या की रंग इतका दाट होतो की क्रिस्टल काळाच दिसतो.

आणि यात एक मेख आहे. लोखंडाचा चार्ज वाढला की हिशोब जुळवायला पाण्याच्या रेणूतला हायड्रोजन सुटतो आणि पाण्याचं हायड्रॉक्सिल होतं. म्हणजे लागणारा सगळा माल क्रिस्टलच्या पोटातच आहे, बाहेरच्या हवेवर सगळं अवलंबून नाही. म्हणून "हवाबंद डबीत ठेवलंय, आता काही होत नाही" हे चालत नाही. डबी पारदर्शक असेल आणि खिडकीत असेल तर हवाबंद असून उपयोग शून्य. बदल फार पुढे गेला तर आतली रचनाच मोडते आणि मेटाविवियनाइट नावाचं दुसरं खनिज होतं, त्याच्याही पुढे गेलं तर सँताबार्बराइट, जे तपकिरी असतं आणि ज्याच्या अणूंना काही शिस्तच राहिलेली नसते. या बदलात आकार कमीजास्त होतो, पाणी इकडेतिकडे होतं, त्यामुळे भेगा पडतात आणि शेवटी तुकडे. अंधारात ठेवून रंग परत येत नाही. अंधार फक्त पुढचं थांबवतो, झालेलं पुसत नाही.

उजेडाचा हिशोब साठत जातो हे डोक्यात पक्कं बसवा. म्युझियममध्ये अतिशय नाजूक वस्तूंना ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड देतात. तेवढ्या उजेडात रोज ८ तास ठेवलं तर दिवसाचे ४०० लक्स-तास होतात. भर दुपारचं थेट ऊन १ लाख लक्सपर्यंत जातं, म्हणजे एका मिनिटात साधारण १६०० च्या वर लक्स-तास. "जरा उन्हात धरून बघू दे रंग कसा दिसतो" म्हणून मिनिटभर खिडकीशी उभं राहिलात की म्युझियममधले चार दिवस उडवले. हे गणित ढोबळ आहे, उन्हात यूव्हीही (अतिनील किरण) जास्त असतं, त्यामुळे खरं नुकसान याहून थोडं जास्तच धरा. यूव्ही फिल्टरची काच लावली की झालं असंही नाही, साधा डोळ्यांना दिसणारा उजेडही हे काम करतो.

सगळे नमुने सारख्या वेगाने काळे पडतात का? नाही. काही वर्षानुवर्षं छान हिरवे राहतात, काही पटकन जातात, आणि अमुक खाणीचे टिकतात अन् तमुकचे टिकत नाहीत यावर संग्राहकांमध्ये मनसोक्त भांडणं होतात. माझं मत विचाराल तर खाणीच्या नावावर विसंबून कुठलाच विवियनाइट उजेडात ठेवू नका. टिकला तर नशीब, गेला तर तुमचा गेला.

कुठला घ्यायचा

बोलिव्हियाचे सगळ्यात प्रसिद्ध. तिथल्या कथिलाच्या खाणी, वानुनी, यायाग्वा, मोरोकोकाला ही नावं लेबलवर दिसतील. पायराइट किंवा अशाच सल्फाइड (गंधक असलेल्या) दगडावर उभे राहिलेले गडद हिरवे, चकचकीत, पारदर्शक क्रिस्टल, बहुतेक सुंदर फोटो याच मालाचे असतात. दिसायला राजा, पण खाली पायराइट असेल तर त्याची वेगळी डोकेदुखी, ती पुढे येतेच.

कॅमेरूनमधल्या आनलुआचे क्रिस्टल चिकणमातीत वाढतात आणि अवाढव्य होतात, एक मीटरच्या वरचे सापडल्याची नोंद आहे. बाजारात येतात ते अर्थातच त्याचे तुकडे किंवा छोटे भाऊ. गडद, पापुद्रे सुटलेले, टोकं मोडकी असं बरंच असतं, त्यामुळे एखादा धड टोकाचा दिसला तर थांबून बघा.

क्रिमियातल्या केर्चचा प्रकार मला स्वतःला फार आवडतो. तिथे लोखंडाच्या खनिजात शिंपल्यांचे जीवाश्म आहेत आणि त्या शिंपल्यांच्या पोकळीत विवियनाइटचे पंख्यासारखे पसरलेले गडद निळे-काळे झुपके आहेत. एकाच नमुन्यात जीवाश्म आणि खनिज दोन्ही. आणि नवख्या माणसाला हा सोयीचा, कारण तो आधीच गडद आहे, पारदर्शकपणा जाईल म्हणून झोप उडत नाही. उजेडापासून जपायचंच, पण ताण कमी.

कोसोव्होतल्या त्रेप्चाची शिसं-जस्ताची खाण, अमेरिकेत आयडाहोमधली ब्लॅकबर्ड खाण, ब्राझीलच्या मिनास जेराइसमधले पेग्मटाइट (मोठमोठ्या क्रिस्टलचा अग्निजन्य खडक), हेही चांगले. त्रेप्चा आणि ब्लॅकबर्डच्या मालात विवियनाइटसोबत लडलमाइट येतं, ते ओळखायला शिकाच. लडलमाइट म्हणजे तेच लोखंड-फॉस्फेट, फक्त पाणी आठच्या जागी चार. रंगाने हिरव्या सफरचंदासारखं, आकार जाडसर, पाचरीसारखा, आणि कडकपणा मोह्स स्केलवर ३.५ च्या आसपास, विवियनाइटचा जेमतेम १.५ ते २. वजनालाही लडलमाइट जड, घनता ३.१ च्या वर, विवियनाइट २.७ च्या जवळ. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लडलमाइट उजेडात विवियनाइटसारखं काळं पडत नाही. ज्याला हिरवा फॉस्फेट कपाटात मांडून रोज बघायचाच आहे त्याने सरळ लडलमाइट घ्यावं, मी हे अनेकांना सांगतो आणि अनेक जण ऐकत नाहीत.

घेण्याआधी विकणाऱ्याला काय विचारायचं

ऑनलाइन फोटो जवळपास सगळे मागून लाइट टाकून काढलेले असतात. मागून लाइट दिला की कसाही विवियनाइट पाचूसारखा दिसतो. म्हणून साध्या समोरच्या उजेडातला एक फोटो मागा, आणि हातात धरून फिरवतानाचा छोटा व्हिडिओ मागा. फोटो कधी काढलाय ते विचारा, कारण जुन्या फोटोत हिरवा असलेला आज शाई झालेला असू शकतो, आणि त्यात विकणाऱ्याचा वाईट हेतू असेलच असं नाही, त्याने कदाचित फोटो काढून ठेवलाय आणि नमुना कपाटात उघडा आहे. खाणीतून कधी निघाला, इतके दिवस कुठे ठेवला होता, हेही विचारा. "ड्रॉवरमध्ये" असं उत्तर आलं तर बरं वाटतं, "शोकेसमध्ये" आलं तर भाव करा.

व्हिडिओत रंग बदलतोय का ते बघा, कारण विवियनाइटची ही खरी ओळख आहे. क्रिस्टल साधारण पट्टीसारखा चपटा आणि लांब असतो. रुंद बाजूतून आरपार बघितलं तर हिरवट-पिवळसर, आणि कडेच्या बाजूने बघितलं तर एकदम निळा. दोन दिशांना दोन रंग. काचेला हे जमत नाही. फार गडद झालेल्या नमुन्यात हे दिसत नाही, पण पातळ कडेला बारीक टॉर्चने बघितलं तर निळी झाक अजून पकडता येते.

दुरुस्ती हा दुसरा मुद्दा. हे खनिज एका दिशेला इतकं सहज फाटतं, अभ्रकासारखे पापुद्रे सुटतात, की खाणीतून घरापर्यंत एका तुकड्यात येणं हेच नवल, त्यामुळे चिकटवलेले क्रिस्टल भरपूर फिरतात. चिकटवलेला घेणं गुन्हा नाही, पण ते सांगून विकलं पाहिजे आणि भाव तसा पाहिजे. १० पट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि क्रिस्टल दगडाला जिथे टेकतो ती जागा बघा. गोंद असेल तर तिथे बारीक बुडबुडे, चकचकीत ओघळ, किंवा मुद्दाम चोळलेली माती दिसते. अनेक गोंद यूव्ही टॉर्चखाली पांढरट-निळे चमकतात, आणि विवियनाइट स्वतः चमकत नाही, त्यामुळे रेघ उठून दिसते. यूव्ही मारायचा तो दोन-तीन सेकंद, फक्त बुडाशी, खेळत बसायचं नाही. अजून एक युक्ती चालते ती म्हणजे तेल. भेगा लपवायला वर तेल पुसलेलं असतं, टिशू पेपरचं टोक हलकेच टेकवून बघा, डाग उठला की समजा.

नखाने ओरखडा काढून ओळख पटवायचा सल्ला कुठे वाचलात तर चांगल्या क्रिस्टलवर करू नका. नख याच्याहून कडक आहे, ओरखडा उठणारच, आणि तो तिथेच राहणार. पिशवीत सांडलेला एखादा कण असेल तर त्याच्यावर करा काय करायचं ते. आणि विवियनाइटच्या गटात लोखंडाऐवजी मॅग्नेशियम जास्त असलेलं बॅरिसाइट आहे, तेही निळं, ते नुसत्या डोळ्यांनी वेगळं करता येत नाही, तिथे लॅबमध्ये तपासणी लागते. लेबलवर ठामपणे एक नाव लिहिलंय म्हणून ते सिद्ध झालं असं नसतं.

काळा झालेला अजिबात घेऊ नये का? घ्या की. चमक शाबूत आहे, टोक शाबूत आहे, भेगा नाहीत, तर निळा-काळा विवियनाइट हा देखणाच नमुना आहे. ज्यात पृष्ठभाग मातकट झालाय, कडा भुरभुर सुटतायत, आडव्या भेगांचं जाळं आहे, तो मात्र सोडा, तो उतरणीला लागलाय.

पार्सल आल्यावर

घाई नाही. मंद उजेडाच्या खोलीत, टेबलावर जाड टॉवेल पसरून, त्यावर उघडा म्हणजे काही सुटलं तर दिसेल आणि उडणार नाही. पॅकिंग कापूस असेल तर ओढू नका, कापसाचे धागे पापुद्र्यात अडकतात आणि धाग्यासोबत क्रिस्टलची साल निघते. चिमट्याने एकेक धागा, भिंगाखाली, आणि धागा ओढायचा तो क्रिस्टलच्या लांबीच्या दिशेने. अडकलाच तर मुळाशी कात्रीने कापून सोडून द्या, राहू दे तो तिथे.

उचलायचं नेहमी खालच्या दगडाला धरून. क्रिस्टलला बोट लावायचंच नाही, आणि दगडच नाही, नुसता सुटा क्रिस्टल आहे तर कडेने चिमटीत न धरता खाली कार्ड सरकवून उचला. चपट्या बाजूंवर दाब आला तरी एक वेळ चालतं, पण कडेवर आडवा जोर आला की पापुद्रा सरकलाच म्हणून समजा.

साफसफाई जितकी कमी तितकी चांगली. हवेचा रबरी फुगा, तो कॅमेऱ्याची लेन्स साफ करायचा असतो ना, तो आणि एक अगदी मऊ ब्रश, बहुतेक वेळा एवढंच पुरतं. माती चिकटली असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ब्रश बुडवून, निथळून, तेवढ्याच जागी. भिजत घालू नका, भेगांत पाणी शिरतं आणि आतली माती फुगते. वाळवायचं सावलीत, घरातल्या तापमानाला. हेअर ड्रायर नको, हीटर नको, ऊन तर नकोच नको, कारण गरम झालं की ते आठ पाण्याचे रेणू सुटायला लागतात आणि क्रिस्टल आतून तडकतो.

अ‍ॅसिड कुठलंच नाही, सौम्य म्हणून व्हिनेगरही नाही, विवियनाइट अ‍ॅसिडमध्ये सरळ विरघळतं. बाकी दगडांवरचा गंज काढायला लोक ऑक्झॅलिक अ‍ॅसिड वापरतात, इथे तो डबा उघडूही नका. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ब्लीच ही तर ऑक्सिडेशन करणारीच रसायनं, म्हणजे जे टाळायला एवढा आटापिटा तेच बाटलीतून ओतायचं. अल्ट्रासॉनिक क्लिनरमध्ये टाकलात तर पापुद्र्यांचा ढीग बाहेर येईल. वरून वॉर्निश, लॅकर, तेल काही लावायचं नाही, त्याने उजेड अडत नाही आणि नंतर ते निघतही नाही.

ठेवायचं कसं

अपारदर्शक डबी आणि ती बंद ड्रॉवरमध्ये. एवढं एक वाक्य पाळलं तरी बरंच झालं, पण तपशील आहेत.

छोट्या नमुन्यांसाठी जो पारदर्शक प्लास्टिकचा डबा मिळतो तो घेतला तर त्याच्यावर बाहेरून काळ्या कागदाची टोपी करून बसवा, वर लेबल. बघायचं असेल तेव्हा टोपी काढली, बघितलं, परत घातली. आत तळाशी पॉलिइथिलीनचा घट्ट फोम, त्यात दगडाच्या बुडाच्या मापाचा खड्डा कापून नमुना बसवायचा. पिवळा पडून चिकट होणारा स्वस्त स्पंज नको. डबीला चिकटवणारी पुट्टी वापरत असाल तर ती बोटांत मळून मऊ करा, आधी डबीला लावा, मग दगड त्याच्यावर हलकेच टेकवा. वरून दाबायचा मोह होतो, तिथेच टोकं मोडतात. आणि ती पुट्टी क्रिस्टलला लागता कामा नये, तेलकट डाग धरतो.

दमटपणाचं प्रकरण जरा चमत्कारिक आहे. सवयीने लोक प्रत्येक डबीत सिलिका जेलची ओलावा शोषणारी पुडी टाकतात. पाणी असलेल्या खनिजाला फार कोरडं ठेवणं बरं नाही. पण नमुना पायराइटवर असेल तर दमट हवेत पायराइट सडतो, त्यातून सल्फ्युरिक अ‍ॅसिड होतं आणि ते आधी लेबलचा कागद खातं, मग फॉस्फेट. दोन्हीकडून पंचाईत. मधला रस्ता म्हणजे ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता आणि मुख्य म्हणजे ती सारखी वरखाली होऊ न देणं. ड्रॉवरमध्ये एक छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) टाकून ठेवा, स्वस्त चालतो. पायराइटवाल्या नमुन्याच्या बुडाशी अधूनमधून बघा, पांढरी-पिवळट भुकटी किंवा गंधकाचा आंबट वास आला तर तो नमुना बाकीच्यांपासून लगेच वेगळा करा, भुकटी कोरड्या ब्रशने झाडा, आणि त्याच्यापुरतं हवामान थोडं कोरड्याच्या बाजूला न्या. अशा वेळी दगड वाचवणं आधी, कारण अ‍ॅसिडसमोर विवियनाइट उभंच राहत नाही.

ड्रॉवर कुठला तेही बघा. बाहेरच्या भिंतीला लागून असलेला, वर टीव्ही किंवा राउटर गरम होतोय असा, किंवा जो धाडकन बंद होतो असा, तिन्ही नकोत. रोजच्या धक्क्याने काही दिसत नाही आणि एक दिवस डबी उघडली की तळाशी चकचकीत चुरा असतो.

मांडायचंच असेल, पाहुणे येणार, प्रदर्शन आहे, तर ठेवा की, कोण अडवतंय. त्या दिवसापुरता काढा, थंड एलईडी, लांबून, आणि कोणी बघत नसेल तेव्हा लाइट बंद. हॅलोजन अजिबात नको, तो उजेडही देतो आणि उष्णताही. काही लोक शोकेसमध्ये फोटो लावतात आणि खरा नमुना ड्रॉवरमध्ये, मला ही पद्धत पटते, कारण फोटो तसाही मागून लाइट टाकल्यामुळे जास्त सुंदर असतो.

फोटो काढताना

इथे बहुतेक जणांचा संयम सुटतो आणि क्रिस्टल तासभर दिव्याखाली राहतो. उपाय सोपा आहे. त्याच मापाचा कुठलाही दगड घ्या आणि त्याच्यावर सगळी मांडणी करा, कॅमेरा, ट्रायपॉड, फोकस, एक्स्पोजर, मागचा लाइट, पुढे पांढऱ्या कागदाचा रिफ्लेक्टर, सगळं. पक्कं झालं की दगड काढून विवियनाइट ठेवा, फोकस जरासा सरकवा, खटाखट फोटो घ्या, लाइट बंद. फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसचे बरेच फोटो जोडून एक करणं) करणार असाल तर प्रत्येक फ्रेमला लाइट चालू-बंद होईल असं जमवा, किंवा निदान मंद लाइट आणि लांब एक्स्पोजर यातला फरक समजून घ्या, एकूण उजेड तेवढाच पडतो, त्यामुळे लाइट मंद केला म्हणजे वाचलं असं नसतं. वाचतं ते फ्रेम कमी केल्या की.

मागचा पडदा काळा नको, गडद कडा त्यात बुडतात. मध्यम करडा ठेवा. दोन फोटो तरी हवेतच, एक रुंद बाजूने आणि एक कडेने, म्हणजे हिरवा आणि निळा दोन्ही रंग नोंदवले जातील. आणि एक कंटाळवाणा फोटो पण काढा, साध्या समोरच्या उजेडात, बाजूला रंगांची पट्टी आणि स्केल ठेवून. हाच फोटो पुढे कामाला येतो. वर्षातून एकदा तसाच, त्याच लाइटमध्ये, त्याच पट्टीसोबत परत काढा आणि शेजारी ठेवून बघा. डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, रोज थोडा थोडा काळा होणारा क्रिस्टल आपल्याला नेहमी "तसाच आहे की" वाटतो.

नोंद

लेबलवर खनिजाचं नाव, खाण, जिल्हा, देश, कधी निघाला ते माहीत असेल तर ते, कोणाकडून घेतला, कधी घेतला. जुनं लेबल सोबत आलं असेल तर ते फेकू नका, कितीही मळकं असलं तरी, प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत घालून डबीबाहेर ठेवा म्हणजे पायराइटने ते खायला नको. दुरुस्ती असेल तर तीही लिहा, कुठे आणि कशाने चिकटवलंय. विवियनाइटला मी एक ओळ जास्त लिहितो, घेतला तेव्हा रंग कसा होता आणि तोपर्यंत कुठे ठेवलेला होता.

स्वतः शोधायला जाणार असाल तर जमिनीच्या मालकाची परवानगी आधी, आणि निळी झालेली हाडं दिसली तर हात न लावता थांबा. ती माणसाची किंवा पुरातत्त्वाच्या जागेची असू शकतात आणि मग तो विषय संग्रहाचा राहत नाही, तिथल्या अधिकाऱ्यांना कळवायचं. मातीतला क्रिस्टल मिळाला तर माती तिथल्या तिथे झटकू नका. मातीच्या गोळ्यासकट ओलसर कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत आणा आणि घरी मंद उजेडात हळूहळू वाळू द्या, कारण चिकणमाती झपाट्याने वाळली की आकसते आणि चिकटलेला पापुद्रा सोबत ओढून काढते.

कधी विकलात किंवा कोणाला दिलात तर ते वर्षावर्षाचे रंगपट्टीवाले फोटो नमुन्यासोबत द्या. पाच-सहा वर्षं अंधारात ठेवूनही रंग हलला नाही हे फोटोत दिसलं की घेणारा भावात फारशी घासाघीस करत नाही, आणि हलला असेल तर तेही त्याला आधी कळलेलं बरं. पॅक करताना टिशू पेपरचे मऊ बोळे दगडाच्या भोवती घट्ट भरायचे, क्रिस्टलच्या बाजूला मोकळी जागा सोडायची, ती डबी मोठ्या खोक्यात, आणि खोक्यावर बाहेरून नाही तर आतल्या डबीवर ठळक लिहायचं की मंद उजेडात उघडा. बाहेर लिहिलेलं फक्त कुरियरवाला वाचतो, तेही वाचलं तर.